स्वतःचा मराठी अल्बम: पहिल्या चालीपासून प्रकाशनाच्या शुक्रवारापर्यंत

आमच्या सहा गाण्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग चार दिवसांत झालं. त्यानंतर तो अकरा महिने हार्ड डिस्कवर पडून होता. मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवायला, पैसे उरले नव्हते, एका कवितेची लेखी परवानगी आली नव्हती आणि मुखपृष्ठाचा तर कुणी विचारच केला नव्हता. गाणं नीट झालं की बाकीचं आपोआप जुळून येईल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

नंतर ओळखीच्या चार-पाच जणांच्या अल्बममध्ये मदत केली आणि तिथेही हेच दिसलं. अल्बम चालीपाशी किंवा रियाजापाशी रखडत नाही, रेकॉर्डिंग संपल्यावर रखडतो. म्हणून या लेखात मी कामांचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. जी कामं आपण नंतरवर ढकलतो, ती माइक लावायच्या आधीच उरकायची.

शब्द कुणाचे, चाल कुणाची

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षांचा. शब्द-चाल तुमची आणि रेकॉर्डिंगचा खर्चही तुमचा असेल, तर तिन्ही हक्क तुमच्याकडे. यातलं काहीही दुसऱ्याचं असेल तर लगेच कागद करा.

संतांचे अभंग खुले आहेत, पण खरी फसगत चालीत होते. लहानपणापासून रेडिओवर ऐकलेली चाल आपल्याला परंपरागत वाटते. बऱ्याचदा ती विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि तिच्यावर आजही हक्क लागू असतो. जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर किंवा कॅसेटच्या वेष्टणावर संगीतकाराचं नाव आहे का, ते आधी पाहा. नाव असेल तर ती चाल सोडा आणि त्याच अभंगाला स्वतःची चाल लावा. स्वतंत्र अल्बम करायचा तर हेच जास्त शोभतं, असं माझं ठाम मत आहे.

आधुनिक कवितांचा हिशेब कवी कधी गेले त्यावरून करायचा. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७पासून खुल्या झाल्या. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०४४ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. वारसांना पत्र लिहा, भेटायला जा, चाल गाऊन दाखवा. आमच्या अल्बममधल्या कवितेसाठी आम्ही गेलो तेव्हा कवींच्या घरातल्या आजींनी चहा होईपर्यंत दोनदा गाणं म्हणायला लावलं आणि तोंडी होकारही लगेच दिला. सही मात्र सात महिन्यांनी मिळाली, कारण तीन वारसांपैकी एक जण परदेशात होते. रेकॉर्डिंगआधीच पत्र धाडलं असतं तर ते सात महिने वाया गेले नसते.

परवानगीच्या कागदात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: मुदत आणि प्रदेश. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत धरतो. तुमचं गाणं मात्र पहिल्याच दिवशी न्यू जर्सी, दुबई, मेलबर्नमधली मराठी घरं ऐकणार असतात. म्हणून ‘संपूर्ण जगासाठी’ आणि ‘हक्काच्या संपूर्ण कालावधीसाठी’ हे शब्द कागदावर हवेतच.

दुसऱ्याचं प्रसिद्ध गाणं पुन्हा गाण्यासाठी कायद्यात वैधानिक परवान्याची, म्हणजे मालकाच्या होकाराऐवजी कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्याची, वाट आहे. पण ती मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं उलटल्यावरच खुली होते आणि साधारणपणे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. आपल्यासारख्यांनी त्या वाटेला न गेलेलंच बरं.

सोबतच्या माणसांशी बोलणं

पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. ‘आपलीच माणसं आहेत, नंतर बघू’ असं म्हणत काम सुरू होतं आणि गाणं थोडं चाललं की त्याच माणसांत अबोला धरला जातो. मी पाहिलेला सर्वांत वाईट प्रसंग असाच होता. दोन मित्रांनी मिळून चाल बांधली होती, नाव एकाचंच लागलं आणि पुढे त्यांचा एकत्र रियाजही बंद झाला.

तेव्हा पहिल्या तालमीलाच एका कागदावर प्रत्येक गाण्याचं लिहून काढा: शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि किती टक्के, संगीत संयोजन कुणाचं, वादकाला ठरलेलं मानधन की उत्पन्नात वाटा. सगळ्यांच्या सह्या घ्या. वादकाला मानधन देताना पावतीवरच ‘हे वादन अमुक अल्बममध्ये वापरण्यास माझी संमती आहे’ ही ओळ असू द्या. वादक आणि गायक यांचा स्वतःचा कलाकार म्हणून हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. या ओळीमुळे पुढचे पुष्कळ गैरसमज टळतात.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही, तो वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो. एखादी कंपनी ‘सगळे हक्क कायमचे आमचे’ असा मसुदा पुढे करेल, तेव्हा हे लक्षात ठेवा. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी ही १९६९ पासूनची संस्था आहे. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणं तिथे वेगळं नोंदवावं लागतं आणि हेच बरेच जण विसरतात.

पैशाचा हिशेब

स्टुडिओचा ताशी दर गावागणिक बदलतो, म्हणून आकडे देण्यापेक्षा मी वाटणी सांगतो. हाताशी असलेल्या शंभर रुपयांतले ४५ रेकॉर्डिंग आणि वादकांवर, २५ मिक्सिंग-मास्टरिंगवर, १५ मुखपृष्ठ, फोटो आणि व्हिडिओवर खर्च करा आणि १५ राखीव ठेवा. रेकॉर्डिंगचे ४५ संपले की थांबायचं. आम्ही तिथे थांबलो नाही, ८० खर्च करून बसलो.

दहा गाण्यांचा हट्ट धरण्यापेक्षा सहाच करा. पैसे कमी पडत असतील तर चार करा, पण त्या चार गाण्यांचं मिक्सिंग चांगल्या माणसाकडून करून घ्या. मिक्सिंग करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात भेटून कच्च्या चाली ऐकवा. काय कसं रेकॉर्ड करून आणायचं हे तो आधीच सांगतो, आणि तो सल्ला फुकट मिळतो.

पट्टी आणि लय आधीच बांधा

आता गाण्याकडे येऊ. हे काम घरी करायचं आहे.

हार्मोनियमचे सूर ४४०लाच, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या ‘ए’लाच, लागलेले असतील असं धरू नका. फोनवर ट्यूनर उघडा आणि मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ‘ए’, दाबून पाहा. आमची पेटी ४४२ला होती. हा फरक सुमारे ८ सेंटचा (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). पेटी एकटी वाजताना तो जाणवत नाही. तिच्यासोबत ४४०ची गिटार किंवा की-बोर्ड लावला की सूर थरथरतो, आणि ऐकणाऱ्याला काय खटकतंय हे कळत नाही, फक्त खटकतं. पेटी बदलता येत नाही, म्हणून तंबोरा, गिटार आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं पेटीला मिळवा. तंबोऱ्यासाठी फोनवरचं अॅप वापरणार असाल तर त्याचा आवाज अल्बममध्ये घालायची परवानगी आहे का, ते त्याच्या अटींत वाचा. तेही कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं. शक्य असेल तर खऱ्या तंबोऱ्याची पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा.

दुसरी गोष्ट लयीची. स्टुडिओत गेल्यावर पहिला प्रश्न येतो: ‘क्लिक किती ठेवू?’ क्लिक म्हणजे कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका. भावगीताला किंवा गिटारवरच्या गाण्याला क्लिक चालतो. भजनी ठेक्याला लावू नका. अभंग रंगत जातो तशी लय चढते आणि शेवटच्या गजरात ती कुठल्या कुठे गेलेली असते. ही चढण क्लिकमध्ये कोंबली की गाणं वाजतं, पण उभं राहत नाही. पखवाज, पेटी आणि गायक यांना एकाच वेळी, एकमेकांना दिसतील असं बसवून रेकॉर्ड करा. मागाहून दुरुस्त्या कमी करता येतील, हा तोटा मला मान्य आहे.

प्रत्येक गाण्याचं फोनवर कच्चं रेकॉर्डिंग करून आठवडाभर ऐका. अंतरा लांबलेला असेल तर तो इथेच कळतो. स्टुडिओत कळला तर ताशी दराने कळतो.

रेकॉर्डिंगचे दिवस

पहिल्या दिवशी सकाळी आमच्या पखवाजवादकांनी डाव्या पुडीला कणीक थापली, हातोडीने गट्टे ठोकून उजवी पुडी सुरात घेतली आणि पहिला टेक उत्तम गेला. एसी जोरात होता. तिसऱ्या टेकपर्यंत कणकेच्या कडा पांढुरक्या पडून सुटायला लागल्या होत्या आणि डाव्या बाजूचा घुमारा कमी झाला होता. उजवी पुडी कोरड्या हवेने ताणून किंचित वर सरकली होती. त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही. घरी येऊन पहिला आणि पाचवा टेक पाठोपाठ लावले तेव्हा कळलं की एकातला अंतरा दुसऱ्याला जोडताच येत नाही. दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड करावी लागली.

तेव्हापासून माझा नियम असा. वाद्यं स्टुडिओच्या हवेत तासभर आधी ठेवायची. टेक चालू असताना एसी अगदी मंद किंवा बंद. कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायचा आणि दर टेकआधी सूर तपासायचा. तबल्यालाही हेच लागू. टाळ मात्र वेगळे, सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करा. टाळांचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरला तर तो पुढे काढता येत नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं त्याच्याखाली बुडून जातात.

आवाज घरी रेकॉर्ड करणार असाल तर कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली, पुस्तकांची किंवा गाद्यांची खोली निवडा. गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा. माइकपासून तोंड एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे फुंकर अडवणारी जाळी. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि शेजारी कुकर कधी लावतात ते विचारून घ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग ठेवूच नका. बारीक घरघर येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याचदा दोष अर्थिंगचा किंवा इन्व्हर्टरचा असतो आणि तेवढ्याने जातो. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सर्वांत मोठा सूर लागतो तिथेही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटी खोलीची तीस सेकंदांची शांतताही रेकॉर्ड करा, दोन टेक जोडताना ती कामी येते.

रोज रात्री तीन प्रती: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा.

मिक्सिंग-मास्टरिंग

मिक्सिंग ऐकताना मी एकच कसोटी लावतो: शब्द पहिल्या ऐकण्यात कळतात का? मराठी श्रोता शब्दांसाठी थांबतो. गाणं न ऐकलेल्या माणसाला ध्रुवपद लिहून काढायला सांगा. दोन शब्द चुकले तर मिक्स परत पाठवा. मोठ्या स्पीकरवर, फोनच्या लहान स्पीकरवर आणि चालत्या गाडीत ऐका, आणि दुरुस्त्या एकाच यादीत, गाण्याच्या मिनिट-सेकंदासह लिहून द्या. ‘जरा उठाव हवा’ अशा सूचनेचं कुणी काही करू शकत नाही.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज जितका मोठा तितका चांगला, असं समजू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि अॅपल म्युझिक उणे १६ला आवाज बरोबरीत आणतात. ठासून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं, पण गेलेली चढ-उतार परत येत नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटी २४ बिटच्या वेव्ह फाइल, गायनाविना ट्रॅक आणि वाद्यांचे वेगळे स्टेम मागून घ्या. कार्यक्रमात आणि व्हिडिओत ते लागतात.

नावं, आकडे, चित्र

हे काम कंटाळवाणं आहे, पण मी यावर एक पूर्ण दिवस घालवतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो: देश, नोंदणीधारक, वर्ष आणि अनुक्रम. वितरक, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी, तो देतोच, पण तो स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा असतो, नाहीतर आधीच्या ऐकण्यांची मोजणी तुटू शकते.

रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात. त्यामुळे कलाकाराच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा, नाहीतर दोन प्रोफाइल तयार होतात. तुमच्याच नावाचा दुसरा कलाकार आधीपासून आहे का, तेही शोधा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. हिंदीवर राहिलं तर गाणं चुकीच्या यादीत जातं. गीतकार-संगीतकारांची नावं आयपीआरएसमध्ये आहेत तशीच, पूर्ण. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि अंगठ्याएवढं लहान केल्यावरही वाचता येईल असं.

वितरक निवडताना

डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोरसारखे वितरक वार्षिक शुल्क घेतात. सीडी बेबी एकदाच शुल्क घेऊन डिजिटल उत्पन्नातले ९ टक्के ठेवतं. वार्षिक योजनेत शुल्क थांबलं की गाणी उतरवली जातात का, ते आधी वाचा. वर्षा-दोन वर्षांनी एखादाच अल्बम करणाऱ्याला एकदाच पैसे भरायची पद्धत मला बरी वाटते. बँडकॅम्पवर अल्बम थेट विकता येतो. डिजिटल विक्रीत ते १५ टक्के घेतात, आणि परदेशातला श्रोता तिथे मनापासून पैसे देतो.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेसाठी, होकार देताना थांबा. गाण्यात विकत घेतलेला तयार लूप असेल तर तोच लूप शेकडो लोकांनी वापरलेला असतो. तुमचा दावा त्यांच्यावर पडतो आणि त्यांचा तुमच्यावर. माझ्या एका गाण्यावर असाच परक्याचा दावा आला आणि तो सोडवण्यात सहा आठवडे गेले. लूप असलेली गाणी त्यातून वगळा.

अमेरिकी कंपनीकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा अर्ज पॅनसह भरा. तो भरला की भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो, नाहीतर ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आणि अपेक्षा बेतानेच ठेवा. २०२४पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० ऐकणी झाली नाहीत तर त्या गाण्याची रॉयल्टीच निघत नाही. अल्बमचा खर्च स्ट्रीमिंगमधून भरून येईल असा हिशेब मांडू नका.

तारीख

२०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. तोच वार धरा, आणि फाइली वितरकाकडे किमान सहा आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी एकच गाणं सुचवता येतं. ते कुठलं, हे घरच्यांना विचारून ठरवू नका, अनोळखी वीस जणांना ऐकवून ठरवा.

वार जगाचा असला तरी ऋतू आपला धरावा. अभंगांचा अल्बम असेल तर ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला देहू आणि आळंदीहून पालख्या निघायच्या आधी तो लोकांच्या फोनवर हवा. पावसाची गाणी मृगात. गणेशोत्सवात मात्र गणपतीची नसलेली गाणी आणू नका, त्या दहा दिवसांत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम कितीतरी आधी ठरतात, म्हणून आयोजकांना तीन गाण्यांचा दुवा आणि अर्ध्या पानाची माहिती श्रावणाआधीच पाठवा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना दुव्यासोबत गाण्यांचे शब्दही पाठवा, तिथल्या मुलांना ते लागतात. अल्बमचे पैसे निघाले तर अशा कार्यक्रमांतूनच निघतात. पहिला कार्यक्रम पन्नास-साठ खुर्च्यांच्या खोलीतच ठेवा आणि बाहेर टेबलावर शब्दांची छापील पुस्तिका ठेवा. सीडी नको म्हणणारी माणसंही पुस्तिका घेऊन जातात.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी प्रत्येक ठिकाणी जाऊन सगळी नावं वाचून पाहा. आमच्या अल्बममध्ये पखवाजवादकांचं नाव एका ठिकाणी गळलं होतं. त्यांनी स्वतः काहीच म्हटलं नाही, त्यांच्या नातीने फोन करून विचारलं, ‘आजोबांचं नाव कुठंय?’ दुरुस्तीचा अर्ज त्याच दुपारी भरला. नऊ दिवसांनी नाव दिसलं, त्या पानाचा स्क्रीनशॉट तिला पाठवला आणि तिने तो छापून त्यांच्या पखवाजाच्या पेटीत आतून चिकटवला.